दुखणे सांध्यांत आहे

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. आपल्याकडे नरक चतुर्दशी होती आणि दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अजून आदल्या रात्रीचे पावणेबारा. त्या सुमारास ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, उत्तर व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांच्या समूहात, एका पत्त्याची नोंद पुसली गेली. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा तो पत्ता. डेटाबेस जागेवर होता, त्यातली माहिती शाबूत होती, यंत्रे चालू होती. फक्त 'ही सेवा कुठे राहते' या प्रश्नाला कोरे उत्तर येऊ लागले. स्नॅपचॅट, सिग्नल अशी घरोघरची नावे त्या दिवशी अडखळली. ॲमेझॉनने नंतर प्रसिद्ध केलेला अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे. पत्त्यांची ही यादी माणसे हाताने लिहीत नाहीत. एक प्रोग्रॅम वेळोवेळी नवी यादी तयार करतो आणि दुसऱ्या जातीचे तीन प्रोग्रॅम, एकमेकांपासून स्वतंत्र, ती लागू करतात. तीन अशासाठी की एक आडवा झाला तरी काम थांबू नये. त्या रात्री तिघांतला एक रेंगाळला. आपल्या हातातली यादी आधीच्या यादीपेक्षा नवी आहे, हे त्याने कामाला लागताना तपासले होते; पण काम पुरे होईपर्यंत ती तपासणी शिळी झाली होती. दरम्यान दुसऱ्याने ताजी यादी लावली आणि जुन्या याद्यांची झाडलोट सुरू केली. नेमक्या त्याच वेळी रेंगाळलेल्याने ताज्या यादीवर आपली जुनी यादी चढवली, आणि झाडणाऱ्याने ती जुनी म्हणून काढून टाकली. दोघांनीही नेमून दिलेले कामच केले होते. उरली ती अशी अवस्था की तिच्यावर पुढची कोणतीही यादी बसेना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्ती केली. डेटाबेस अडीच तासांनी सापडू लागला. त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या इतर सेवा सावरायला आणखी जवळजवळ अर्धा दिवस गेला.

या घटनेत ग्राहकांच्या कोडचा दोष नव्हता, डेटाबेसचाही नव्हता. घोळ घातला तो देखभालीसाठी नेमलेल्या स्वयंचलित साधनाने. अशा साधनांना आणि ती वापरण्याच्या रीतीला मिळून गेली पंधरा-सोळा वर्षे 'डेव्हऑप्स' म्हणतात. या साधनांवर विद्यापीठांत आणि कंपन्यांत भरपूर संशोधन चालते. विशेषतः मायक्रोसर्व्हिस आणि सर्व्हरलेस या दोन पद्धतींनी बांधलेल्या क्लाउडवरच्या प्रणालींसाठी. माझे म्हणणे असे की या संशोधनाने आपली कसोटी बदलली पाहिजे. आजवर साधनाचे कौतुक झाले ते मुख्यतः बदल किती लवकर आणि किती कमी कष्टात चढवता येतो यावरून. यापुढे ते बिघाडाच्या घटकेला जोखले जावे: मध्यरात्री ड्युटीवर असलेल्या माणसाला नेमके काय चालले आहे हे त्या साधनामुळे किती लवकर आणि किती खरे कळते, यावरून. एवढा हट्ट कशासाठी, हे समजायला या पद्धती आल्या कुठून ते आधी पाहावे लागेल.

पूर्वी प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे आणि तो चालवणारे वेगळे असत. लिहिणाऱ्याने लिहायचे आणि हात झटकायचे. रात्री काही कोसळले तर निस्तरायचे चालवणाऱ्याने. एकाला बदल हवा, दुसऱ्याला स्थैर्य, त्यामुळे दोघांचे फारसे पटत नसे. २००६ मध्ये ॲमेझॉनचे वर्नर वोगल्स यांनी एका मुलाखतीत त्यांच्याकडची वेगळी रीत सांगितली: जो बांधतो त्यानेच चालवायचे. २००९ मध्ये जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर दिवसाला दहाहून अधिक वेळा नवा कोड कसा चढतो यावर भाषण दिले आणि त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट शहरात पॅट्रिक डेबॉय यांनी 'डेव्हऑप्स डेज' हा मेळावा भरवला. नाव रूढ झाले ते तेव्हापासून. मात्र दिवसाला दहा वेळा बदल करायचा तर सगळा प्रोग्रॅम एकसंध असून भागत नाही. एकाला आपली ओळ बदलायची असली की शंभर जणांना थांबावे लागते. म्हणून प्रोग्रॅमच तोडायचा. एकेका छोट्या गटाकडे एकेक छोटी सेवा द्यायची, आणि या सेवांनी एकमेकींशी नेटवर्कवरून बोलायचे. जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१४ मधल्या लेखाने या पद्धतीचे 'मायक्रोसर्व्हिस' हे नाव सर्वांच्या तोंडी केले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने 'लॅम्डा' आणले आणि तोडण्याची ही क्रिया टोकाला गेली. आता सेवा नाही, एकेक फंक्शन सुटे. ते मागणी आली की जागे होते, काम करते, निजते. पैसे जागेपणाचेच द्यायचे, सुरुवातीला शंभर मिलिसेकंदांच्या आणि डिसेंबर २०२० पासून एकेका मिलिसेकंदाच्या हिशेबाने. याला 'सर्व्हरलेस' म्हणतात. नाव फसवे आहे. खानावळीचा डबा लावलेल्या माणसाच्या खोलीत चूल नसते, पण ती कुठेतरी पेटलेली असतेच. इथेही सर्व्हर आहेतच; ते दुसऱ्याचे आहेत आणि आपल्याला दिसत नाहीत, एवढेच. हे न दिसणे डबा वेळेवर येतो तोवर सोयीचे असते.

मायक्रोसर्व्हिसचा खरा लाभ माणसांच्या संघटनेला झाला, आणि तो खोटा नाही. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले होते की संस्था आतून जशी विभागलेली असते, तशीच तिने घडवलेली प्रणालीही विभागली जाते. मायक्रोसर्व्हिसवाल्यांनी हे निरीक्षण उलटे वापरले: हवी तशी प्रणाली घडावी म्हणून आधी माणसांची तशी विभागणी केली. एकत्र कुटुंबाच्या वाटणीसारखेच हे आहे. चुली वेगळ्या झाल्या की स्वयंपाकघरातली धुसफुस थांबते. पण सामाईक विहिरीचे पाणी कोणी कधी ओढायचे, बांध कोणी किती कोरला, पाटाची पाळी कोणाची, ही भांडणे नव्याने उभी राहतात आणि ती जास्त चिवट असतात, कारण त्यांचा निवाडा कोणत्याच एका घरात होत नाही. एकाच प्रोग्रॅममध्ये एका भागाने दुसऱ्याला हाक मारली तर उत्तर येते किंवा सगळेच एकत्र कोसळते; मधली अवस्था नसते. हाक नेटवर्कवरून गेली की मधल्या अवस्थांचा बाजार भरतो. हाक पोहोचलीच नसेल. उशिरा पोहोचली असेल. दोनदा पोहोचली असेल. पोहोचून काम झाले पण 'झाले' हा निरोप वाटेत हरवला असेल. हाक मारणाऱ्याला या साऱ्यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त शांतता ऐकू येते. गुंतागुंत घटली नाही. ती तुकड्यांतून निघून सांध्यांत जाऊन बसली.

सांध्यांतले दुखणे कसे असते याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण १२ एप्रिल २०२५ चे आहे. त्या शनिवारी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास विस्कळीत झाले. यूपीआय चालवणारी एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, मुंबईची. तिच्या निष्कर्षाप्रमाणे दुखण्याचे मूळ पैसे हलवण्याच्या क्रियेत नव्हते. 'तो व्यवहार झाला का?' अशी विचारणा करणारी एक एपीआय, म्हणजे एका प्रणालीने दुसरीला प्रश्न विचारण्याची ठरलेली खिडकी, आहे. काही बँकांकडून तिच्यावर विचारण्यांचा पूर लोटला होता. भाजीवाल्यासमोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर गोल फिरतो आहे असे समजा. त्याच्या बँकेच्या प्रणालीला उत्तर मिळत नाही, म्हणून ती पुन्हा विचारते. उत्तर येत नाही ते समोरची यंत्रणा कामाखाली दबली आहे म्हणून. आणि प्रत्येक नव्या विचारणीने ती आणखी दबते. इंजिनिअर याला 'रिट्राय स्टॉर्म' म्हणतात. विचारणाऱ्या प्रत्येकाचे वागणे स्वतःपुरते शहाणपणाचे असते. सगळ्यांचे मिळून मात्र ते यंत्रणेला गुदमरवते. त्यानंतर आलेले नियम पाहा: व्यवहार सुरू झाल्यावर पहिली विचारणा नव्वद सेकंदांनी, आणि दोन तासांत तीनहून अधिक नाही; शिवाय ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून खात्यातली शिल्लक दिवसाला पन्नासच वेळा पाहता येईल. हा इलाज कोणत्याही एका बँकेच्या कोडमधल्या चुकीवरचा नाही. तो विहिरीच्या पाळ्या लावून देण्याचा आहे. आणि त्याच ऑगस्टमध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला दोन हजार कोटींच्या पुढे गेले, तेव्हा या विहिरीवर किती गर्दी आहे याचा अंदाज यावा.

सांध्यांची किंमत पैशांतही मोजता येते. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओमधल्या एका गटाने मार्च २०२३ मध्ये लिहिले की चित्र-आवाजातले दोष शोधणारे त्यांचे साधन सर्व्हरलेस तुकड्यांतून बांधले होते. अपेक्षित भाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ते अडले, कारण तुकड्यांची कामे क्रमाने लावणाऱ्या सेवेची मर्यादाच संपत होती; शिवाय व्हिडिओची चित्रे एका तुकड्याकडून साठवणीत आणि साठवणीतून दुसऱ्या तुकड्याकडे नेणेही महाग पडत होते. त्यांनी तुकडे पुन्हा एकत्र केले आणि खर्च नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आला. यावरून काहींनी मायक्रोसर्व्हिसचे तेरावे घालायची घाई केली. ती चुकीची होती. हे एका साधनापुरते होते आणि त्यातून निघतो तो निष्कर्षही तेवढाच: सांध्याचा खर्च आधी दिसत नाही.

मग संशोधन काय करते आहे? युरोपीय संघाच्या होरायझन २०२० कार्यक्रमातला 'रेडॉन' हा प्रकल्प नमुन्यादाखल घेता येईल. २०१९ ते २०२१ या काळात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या पुढाकाराने अनेक विद्यापीठे आणि कंपन्या त्यात होत्या, आणि विषय नेमका हाच होता: मायक्रोसर्व्हिस आणि सर्व्हरलेस यांसाठी डेव्हऑप्सची साधने. प्रणालीचा आराखडा चित्रात काढायचा. 'टोस्का' या खुल्या मानकात तो लिहिला जातो. मग एका साधनाने प्रणाली कशी तोडावी हे सुचवायचे, दुसऱ्याने आराखडा अटी पाळतो का ते पडताळायचे, तिसऱ्याने स्क्रिप्टमध्ये दोष कुठे असण्याचा संभव आहे ते वर्तवायचे, आणि शेवटी एका साधनाने सगळे क्लाउडवर उभे करायचे. काम मेहनतीचे आहे आणि एकाच क्लाउड कंपनीच्या दावणीला बांधले जाऊ नये हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मात्र यातले जवळजवळ सगळे बळ प्रणाली उभी राहीपर्यंतच्या वाटेवर खर्च होते. रेडॉनला वेगळे काढून बोल लावण्यात अर्थ नाही. या क्षेत्राचा कल तसाच आहे. याला साधे कारण आहे. उभारणी प्रयोगशाळेत करता येते, मोजता येते, तिच्यावर निबंध लिहिता येतो. बिघाड मात्र खऱ्या गर्दीत घडतो, आणि ती गर्दी संशोधकाच्या हाती नसते.

उभारणीवरचे संशोधन निरुपयोगी आहे असे कोणी यातून समजू नये. अकोंद रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सर्व्हर उभारणीच्या पंधरा हजारांहून अधिक खुल्या स्क्रिप्ट तपासल्या. सुरक्षेच्या दृष्टीने शंकास्पद अशा २१,२०१ जागा त्यांना सापडल्या. त्यांतल्या १,३२६ ठिकाणी पासवर्ड थेट स्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच्या खिळ्याला अडकवण्याचा हा प्रकार एखाद्या आळशी इंजिनिअरचा दोष नसून सवयच आहे, हे आकड्याशिवाय सिद्ध झाले नसते. असे काम हवेच. पण त्याहून मोलाचे मला वाटते ते दुसऱ्या जातीचे काम, जे चालत्या प्रणालीकडे पाहते. गूगलने २०१० मध्ये 'डॅपर' या आपल्या साधनावर निबंध प्रसिद्ध केला. कल्पना साधी आहे: आत येणाऱ्या प्रत्येक मागणीला एक क्रमांक द्यायचा आणि ती ज्या ज्या सेवेच्या दारात जाईल तिथे तो क्रमांक, वेळेसह, नोंदवत जायचा. पोस्टाच्या पाकिटावर दर कार्यालयाचा शिक्का उमटतो तसा. नंतर सगळे शिक्के जुळवले की मागणी कुठे किती अडकली हे दिसते. ट्विटरचे 'झिपकिन', उबरचे 'येगर' आणि २०१९ पासूनचे 'ओपनटेलिमेट्री' हा सगळा त्या निबंधाचा वंशविस्तार. पंधरा वर्षांत या क्षेत्रातल्या इंजिनिअरच्या रोजच्या कामात खरोखर उतरलेले संशोधन शोधायचे तर पहिले नाव हेच घ्यावे लागेल. ते सांध्यांवरचे आहे, हा योगायोग नव्हे.

खऱ्या प्रणालीची माहिती उघडी झाली की संशोधन कसे बदलते, हे २०२० मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझूर फंक्शन्स या सर्व्हरलेस सेवेवरचा खरा वापर संशोधकांपुढे मांडला. त्यात आढळले की ८१ टक्के ॲप्लिकेशन सरासरी मिनिटाला एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा हाकली जातात, आणि ९९.६ टक्के हाका उरलेल्या १८.६ टक्क्यांनाच येतात. म्हणजे बहुतेक फंक्शने जवळजवळ सगळा वेळ निजलेली असतात. झोपलेल्याला उठवायला वेळ लागतो. इंजिनिअर याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. कोणाला किती वेळ जागे ठेवावे हा प्रश्न तोवर सरसकट एकच वेळ ठरवून सोडवला जाई. या आकडेवारीवरून संशोधकांनी प्रत्येक ॲप्लिकेशनची सवय पाहून वेळ ठरवण्याची रीत सुचवली. अलीबाबाने २०२१ मध्ये वीस हजारांहून अधिक मायक्रोसर्व्हिसच्या आपसांतल्या हाकांची नोंद अशीच खुली केली. त्याआधी, २०१९ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाला 'डेथस्टारबेंच' नावाची आख्खी लुटुपुटूची सोशल नेटवर्क आणि बँक बांधून त्यांवर प्रयोग करावे लागले होते. लुटुपुटूच्या बँकेतून पुष्कळ शिकता येते. पण तिच्यात महिन्याच्या एक तारखेची गर्दी नसते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसाकडून येईल: माणूस चुकतो म्हणूनच तर साधने आणली, कळण्या-न-कळण्याचे काय घेऊन बसलात, त्याच्या हातातून काम काढून घ्या म्हणजे झाले. या आक्षेपाला बळ देणारे उदाहरण मीच देतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर दलाली करणारी कंपनी पाऊण तासात बुडण्याच्या काठावर आली. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तंत्रज्ञाने सातांवरच चढवला. आठव्यावर वर्षानुवर्षे न वापरलेला एक जुना प्रोग्रॅम पडून होता आणि नव्या कोडने वापरलेली खूण नेमकी त्या जुन्याला जागे करणारी होती. पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक सांगितले आहे. आठही सर्व्हरवर एकच कोड आहे ना, हे तपासणारे साधे साधन असते तर हे टळले असते. मान्य. आता तोच आदेश पुढे वाचा. बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने त्या चुकीकडे बोट दाखवणाऱ्या ९७ ई-मेल आपल्याच माणसांना पाठवल्या होत्या. त्या इशारा म्हणून रचलेल्या नव्हत्या, म्हणून कोणी त्या तशा वाचल्या नाहीत. सौदे सुरू झाल्यावर घाबरलेल्या माणसांनी उपाय केला तो असा: जिथे नवा कोड बरोबर चढला होता त्या सातही सर्व्हरवरून तो उतरवला. त्याखालचा जुना प्रोग्रॅम त्यामुळे आठही ठिकाणी जागा झाला. पहिली चूक हाताची होती, दुसरी न कळण्याची, आणि दुसरीने पहिलीला आठपट केले. स्वयंचलित उभारणीने पहिली थांबते. दुसरीवर तिच्याजवळ औषध नाही. उलट एका कळीने सगळ्या सर्व्हरवर एकदम उलटी क्रिया करता येते, म्हणजे अशी चूक करणेही सोपे झाले.

हातातून काम काढून घेण्याचा आणखी एक परिणाम लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९८३ मध्येच, कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांविषयी लिहिताना, दाखवला होता. सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाकडे उरते ते यंत्राला न जमणारे, म्हणजे सर्वांत अवघड. आणि रोजचा हात मोडल्यामुळे नेमक्या त्याच कामाला तो सर्वांत कमी तयार असतो. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत एका इंजिनिअरने काही सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा देताना आकडा चुकवला आणि हवे त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सेवेचे दोन मुख्य भाग पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावे लागले, आणि मोठ्या विभागांत हे कित्येक वर्षे कोणी केलेच नव्हते, म्हणून लागायला हवा त्याहून जास्त वेळ लागला. या कथेतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट बारीक आहे. कोणती सेवा चालू, कोणती बंद, हे जगाला सांगणारा ॲमेझॉनचा फलक स्वतः एस-थ्रीवरच टेकलेला होता. पहिले दोन तास तो बदलताच येईना.

दुसरा आक्षेप आकड्यांसह येतो, म्हणून जास्त गंभीर. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ मधल्या 'ॲक्सिलरेट' या पुस्तकाने आणि 'डोरा' या संशोधन कार्यक्रमाच्या वार्षिक अहवालांनी दाखवले की लवकर लवकर बदल चढवणाऱ्या संस्था तुलनेने स्थिरही असतात. वेग आणि स्थैर्य यांचे वैर नाही. मग वेगावरच्या संशोधनाला नावे का ठेवता? मी वेगाला नावे ठेवत नाही. छोटा बदल समजायला सोपा, म्हणून चुकला तर सापडायलाही सोपा. हा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. पण हे मोजमाप मुख्यतः सर्वेक्षणातून येते, आणि गट आपल्या स्वतःच्या बदलांविषयी उत्तरे देतो. एप्रिलमधल्या त्या शनिवारी प्रत्येक बँकेच्या गटाला विचारले असते तर कित्येकांचे आकडे उत्तम निघाले असते. सांध्याचा मालक कोणताच गट नसतो, म्हणून सांध्याचे दुखणे कोणाच्याच प्रगतिपुस्तकात उतरत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे: आता एआय लॉग, म्हणजे यंत्रांनी केलेल्या नोंदी, वाचेल, तोच कारण सांगेल, माणसाला कळायची गरज काय. लॉगच्या ढिगाऱ्यातून सुई शोधायला एआयची मदत होते, यात वाद नाही. पण त्याच डोराच्या २०२४ च्या अहवालात एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला तर डिलिव्हरीची स्थिरता सुमारे ७.२ टक्क्यांनी घटते असा अंदाज निघाला. कारण बहुधा असे: कोड लिहिणे स्वस्त झाले, त्यामुळे एकेका वेळी जास्त चढू लागला, आणि समजण्याचा वेग होता तिथेच राहिला. शिवाय जे बिघाड सर्वांत महाग पडतात ते पहिल्यांदाच घडलेले असतात. त्यांचा नमुना शिकायला आधी कुठे नसतो.

'कळणे' मोजता येत नाही, असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. ते खरे नाही. टोरंटो विद्यापीठातल्या डिंग युआन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाच प्रसिद्ध वितरित प्रणालींतले १९८ बिघाड एकेक करून उलगडले. सर्वस्वी कोसळण्याच्या प्रसंगांपैकी ९२ टक्के प्रसंगांत प्रणालीने चूक झाल्याचे स्वतः सांगितले होते, पण ती चूक हाताळणारा कोड चुकीचा होता. कधी कधी तर तिथे 'नंतर लिहू' एवढीच टीप होती. बहुतेक बिघाड तीन किंवा त्याहून कमी यंत्रांवर पुन्हा घडवून दाखवता आले. शिकागो विद्यापीठाच्या हर्यादी गुनावी यांनी २०१६ मध्ये ३२ सेवांतले सात वर्षांतले ५९७ बिघाड बातम्यांवरून आणि कंपन्यांच्या अहवालांवरून मांडले. नवी आवृत्ती चढवताना झालेले बिघाड कारणांच्या यादीत अगदी वर होते. हे संशोधन बिघाडाला नमुना मानते, लाज मानत नाही. याच वळणाने साधनेही जोखता येतील. दोन गटांना तोच बनावट बिघाड द्यावा, एकाला नवे साधन द्यावे, दुसऱ्याला देऊ नये. पहिला इशारा आणि बरोबर निदान यांच्यात किती मिनिटे गेली ते मोजावे, आणि चुकीच्या निदानावरून किती घातक उपाय केले गेले तेही मोजावे. नाइट कॅपिटलमध्ये हा दुसरा आकडाच जीवघेणा ठरला. आणखी एक अट मी घालीन: साधन स्वतः ज्या सेवेवर टेकले आहे ती पडली तर ते काय दाखवते, हे प्रत्येक निबंधात लिहिलेले असावे.

हा विषय महाराष्ट्राबाहेरचा वाटतो, पण तसा नाही. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून चालू आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. ऐरोलीच्या बाजूला डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. हिंजवडी आणि खराडीतल्या कित्येक मुलामुलींच्या उशाला रात्री वाजणारा ऑन-कॉलचा फोन असतो. बंद पडलेली प्रणाली बहुधा दुसऱ्या देशातली असते आणि तिचा आराखडा कोणीतरी कधीतरी काढून सोडलेला असतो. आपल्या महाविद्यालयांत आणि क्लासांत या कामाची तयारी म्हणजे साधनांची नावे आणि त्यांची प्रमाणपत्रे. कुबरनेटीससारख्या साधनाच्या आज्ञा पाठ असतात. पण 'झाले' हा निरोप हरवला तर काम पुन्हा करावे की नाही, या प्रश्नावर अर्धा तास बोलणारा वर्ग क्वचित सापडतो. साधने पाच वर्षांनी बदलतील. हा प्रश्न संगणक एकमेकांशी बोलू लागले तेव्हापासूनचा आहे.

आणि म्हणून एक मागणे एनपीसीआयकडे. जगातल्या सर्वांत गर्दीच्या वितरित प्रणालींपैकी एक मुंबईतून चालते. अझूर आणि अलीबाबा यांनी केले तसे, खातेदाराची आणि बँकेची ओळख पुसून, यूपीआयच्या आतल्या हाकांची एका आठवड्याची नोंद तिने संशोधकांसाठी खुली करावी. आणि तो आठवडा निवडताना १२ एप्रिल त्यात येईल असे पाहावे. पवईतल्या आयआयटीला, माटुंग्याच्या व्हीजेटीआयला, पुण्याच्या सीओईपीला आणि सी-डॅकला मग लुटुपुटूची बँक बांधत बसावे लागणार नाही.